तपासनिसाची फी कोण देतो?

श्रोतेहो, नमस्कार.

विकणाऱ्याला आपल्या मालाचं खरंखोटं ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरून याचा परिणाम दाखवून दिला. चांगली गाडी कुठली आणि खटारा कुठला हे ओळखता येत नसेल, तर गिऱ्हाईक दोन्हींना मधलाच भाव देतं. त्या भावात चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही. तो बाजारातून निघून जातो आणि मागे खटारेच उरतात.

यावर एक उत्तर असं, की ज्याचा माल चांगला तो आपण होऊन सांगेलच. मग गप्प बसणाऱ्याचं बिंग आपोआप फुटेल. कागदावर हे बिनतोड आहे. पण अमेरिकेत पोषणमूल्यं छापण्याची सक्ती होण्याआधी, कमी चरबीच्या सॅलड ड्रेसिंगवर आकडे होते, जास्त चरबीच्या बहुतेक बाटल्या कोऱ्या. तरी लोक त्या घेतच होते! सक्ती झाली तेव्हा कुठे सर्वांत चरबीयुक्त बाटल्यांचा खप घटला. गप्प बसण्याचा अर्थ गिऱ्हाईक लावतंच असं नाही. म्हणून मला सक्ती हवीच वाटते.

पण छापलेलं खरं कशावरून? त्यासाठी तपासनीस लागतो, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. ज्याची तपासणी करायची, पुष्कळदा तोच तपासनीस निवडतो आणि फीही तोच देतो.

गुजरातेत कारखान्यांच्या प्रदूषणाची तपासणी अशीच चाले. अहवालांतले आकडे कायद्याच्या मर्यादेच्या जरासे खाली येऊन दाटीवाटीने बसलेले असत. २००९ पासून दोन वर्षं संशोधकांनी तिथल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर एक प्रयोग केला. काही कारखान्यांना तपासनीस चिठ्ठ्या टाकाव्यात तसा नेमून दिला, त्याची ठरावीक फी सामाईक निधीतून दिली, आणि त्याने घेतलेल्या काही मोजण्या दुसऱ्यांकडून पुन्हा करवून घेतल्या. मर्यादा ओलांडलेली असताना ‘ठीक आहे’ असं लिहिण्याचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घसरलं. कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. आणि जुन्या पद्धतीच्या कारखान्यात खोटं लिहिणारे तपासनीसच नव्या पद्धतीच्या कारखान्यात जास्त खरं लिहीत होते. माणसं तीच होती. बदलले होते ते त्यांना नेमणारे आणि पैसे देणारे, आणि त्यांचं काम पुन्हा तपासणारंही कुणी आता होतं.