बी म्हणजे प, पी म्हणजे फ

[पेइचिंग, म्हणजे बीजिंग. सकाळ. नाश्त्याचं दुकान.]

वाफेच्या टोपल्या एकावर एक रचलेल्या. आत पाओत्स, म्हणजे सारण भरून वाफवलेले गोळे. शेजारी सोयाबीनचं गरम दूध. चिनी शिकायला वर्गापेक्षा अशी जागा बरी: शब्द चुकला की लगेच ताटात दिसतं.

[मोबाइलच्या पडद्यावर रोमन अक्षरं.]

नवखा माणूस चिनी शब्द आधी रोमन अक्षरांत वाचतो. या लेखनाला पिनयिन म्हणतात. 1958 साली चीनने ते स्वीकारलं. ते घडवणाऱ्यांत पुढे होते चोउ योउक्वांग, मूळचे अर्थतज्ज्ञ, न्यूयॉर्कच्या बँकेत काम केलेले. पिनयिन इंग्रजीसारखं वाचलं की फसगत ठरलेली. बी लिहिलंय तिथे आपला प. पी दिसला की फ, तोही फळातला, ओठ मिटून सोडलेला. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. इंग्रजी माणूस इथे अडखळतो. आपण हा फरक बाराखडीपासून करत आलोय. पाओत्स पिनयिनमध्ये baozi; त्यातला झेड तर थेट 'चोर'मधला च, आणि जे म्हणजे 'चिंच'मधला पहिला च. मराठी तोंडाला यात नवं फारसं काही नाही.

[काउंटर. ग्राहक मागणी सांगतोय.]

खरी अडचण सुरांची. सूर चार. पहिला उंच, एका पातळीवर. दुसरा चढता, ऐकू आलं नाही की आपण 'अं?' करतो, तसा. तिसरा खाली दबलेला. चौथा वरून झटक्यात खाली. 'थांग' पहिल्या सुरात म्हणजे सूप, दुसऱ्यात साखर. 'माय' तिसऱ्यात विकत घेणं, चौथ्यात विकणं.

आता गंमत बघा. मराठीत प्रश्न विचारताना आपण शेवटी आवाज चढवतो. "सूप?" त्याच सवयीने "थांग?" म्हटलं, की झाली साखर! चिनीत अशा हो-नाहीच्या प्रश्नासाठी शेवटी 'मा' लावतात, हलका, सूर नसलेला. "योउ थांग मा?" सूप आहे का? थांग मात्र उंच आणि सपाटच राहायला हवा. ही सवय मोडायला वेळ लागतो, आणि माझ्या मते सुरुवातीचा सगळा सराव इथेच खर्च करावा. लिपी थांबू शकते.

तुलनेने आकडे सोपे. अकरा म्हणजे 'दहा-एक', वीस म्हणजे 'दोन-दहा', नव्व्याण्णव म्हणजे 'नऊ-दहा-नऊ'. आपल्या एकोणसत्तर-एकोणऐंशीच्या तुलनेत चैनच. घोळ फक्त चार आणि दहाचा: चार म्हणजे 'स', चौथ्या सुरात, दहा म्हणजे 'श', दुसऱ्या. दक्षिण चीनमध्ये बरेच लोक दोन्हीकडे 'स'च म्हणतात. मग सुरावरूनच ओळखायचं.

[विक्रेतीचे हात.]

त्यावरही तोड आहे. अंगठा आणि करंगळी ताठ, म्हणजे सहा. दोन तर्जन्यांची फुली, म्हणजे दहा. बाजाराच्या गलक्यात चिनी माणसंही हेच करतात.