कवड्या कोणाकडे आला होता?

मंडळी, बाहेर फलकावर विषय लिहिलाय ‘घरात साप निघाल्यास : ओळख आणि उपाय’. त्यातला ‘उपाय’ माझा नव्हे, कार्यवाहांचा. उपाय म्हटल्याशिवाय लोक येत नाहीत म्हणाले. तुम्ही आलात, म्हणजे त्यांचं बरोबर होतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वेळ संपला तरी काळजी नको. शहरातल्या घरात, वरच्या मजल्यावर, भिंतीच्या कडेला हात-दीड हात लांबीचा पट्ट्यांचा साप दिसला, तर तो फार करून कवड्या नावाचा बिनविषारी साप असतो. आणि तो तुमच्याकडे आलेला नसतो, तुमच्या पालींकडे आलेला असतो.

तेव्हा आधी पाल. पालीची नीट दखल आपल्याकडे घेतली ती फक्त पंचांगाने. पल्लीपतनाची फळं छापतात : डोक्यावर पडली तर काय, उजव्या खांद्यावर पडली तर काय. पालीवर माणूस पडला तर काय फळ, ते मात्र कुठे दिलेलं नाही. (हशा) हसताय, पण ‘पाल पडलेलं दूध विषारी होतं असं मानणाऱ्यांनी हात वर करा’ म्हटलं, तर आत्ता हसणारेच गप्प बसतील. आपल्या घरातली एकही पाल विषारी नाही. दूध ओतून टाकाच, तिच्या अंगावर जंतू असतात. पण विषबाधेच्या बातम्या तिच्या नावावर खपवू नका. तिच्या बोटांखाली लाखो सूक्ष्म केस असतात. चिकटा नाही, चोषण नाही, नुसत्या रेणूंमधल्या आकर्षणावर ती तुमच्या काचेवरून चालते. असल्या एका केसाचं बळ किती, हे शास्त्रज्ञांनी २००० साली मोजून दाखवलं. आणि आपण तिला हाकलायला मोरपीस लावतो!

असो. पाल येते दिव्यावरच्या किड्यांसाठी आणि कवड्या येतो पालीसाठी. ही साखळी मला आमच्याच सोसायटीत एका देव्हाऱ्यामागे अख्खी बघायला मिळाली, ती सांगतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंच्या देव्हाऱ्यावर झिरोचा बल्ब रात्रभर जळायचा. त्यावर किडे, किड्यांवर पाली. दत्ताच्या तसबिरीमागे भिंतीला चिकटलेली दोन पांढरी अंडी, म्हणजे पालींचा संसारही तिथेच. पावसाळ्यातल्या एका रात्री काकूंनी तसबीर पुसायला हलवली आणि मागून पट्ट्यांचं शेपूट दिसलं. पाच मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर ‘मण्यार! मण्यार!’ झालं. मण्यारही पट्ट्यांचीच, पण जहाल विषारी. सेक्रेटरी फिनेलचा डबा घेऊन आले, समोरच्या वहिनी वाटीभर दूध घेऊन. एकीकडून फिनेल, दुसरीकडून दूध, मध्ये तो बिचारा! साप दूध पित नाही हो, कितीदा सांगायचं! दर नागपंचमीला सांगतो आणि दर नागपंचमीला वाट्या भरतातच. शेवटी सर्पमित्र आला, कापडी पिशवीत घालता घालता ‘कवड्या आहे’ म्हणाला आणि पाणीसुद्धा न घेता गेला.

खरी गोष्ट पुढेच आहे. समितीची तातडीची सभा. ठराव असा, की इमारतीभोवती साप पळवणारी पावडर टाकायची, फ्लॅटमागे २०० रुपये. मी उभा राहून विचारलं, या पावडरीने साप जातो हे कोणी बघितलंय का? गंधक, कार्बोलिक आम्ल, यांच्या वासाने साप येत नाही याला भरवशाचा पुरावा नाही. कार्बोलिकने कातडी मात्र भाजते, लहान मुलांची आणि मांजरांची आधी. इतिवृत्तात काय आलं? ‘चर्चेअंती सर्व सदस्यांनी पाठिंबा दिला.’ पावडर पडली, खोकला झाला, आणि त्याच पावसाळ्यात दुसरा कवड्या मीटरच्या पेटीत निघाला. कारण तिथेही दिवा आणि तिथेही पाली! पुढच्या सभेत मी हे काढलं, तर अध्यक्ष म्हणाले, ‘तुम्ही सापांच्या बाजूचे.’ दोनशे रुपये दिलेत मी, पावती आहे घरी.

काकूंना मी म्हटलं, रात्रभर बल्ब नको, संध्याकाळी समई लावा, तेल संपलं की ती आपोआप शांत होते. त्यांनी ऐकलं. समितीने नाही.

एक चिठ्ठी आलीय : ‘बाथरूममधलं काळं गांडूळ कोणतं?’ चकचकीत असेल, गांडुळासारखी वळी नसतील आणि बारीकशी जीभ बाहेर काढत असेल, तर तो वाळा. वीतभर साप. मुंग्या आणि वाळवीची अंडी-अळ्या खातो. चावायला त्याचं तोंड पुरत नाही. रात्री कानात शिरतो म्हणतात, ते खोटं. माझा हा अत्यंत लाडका प्राणी आहे, कारण या जातीत नर नाहीच, सगळ्या माद्या. नराविना अंडी घालतात, म्हणून कुंडीच्या मातीत एकटी मादी गेली तरी नव्या मुलखात वंश सुरू होतो. अशी ती कुंड्यांमधून जगभर पोहोचली, ना पासपोर्ट, ना जावई...

दुसरी चिठ्ठी कार्यवाहांची. सात मिनिटं उरलीत. ओळख राहिलीच की! भराभर घेतो, लिहून घ्या.

कवड्या तपकिरी. पांढरट-पिवळसर पट्टे मानेजवळ रुंद आणि ठळक, शेपटीकडे विरत जाणारे. डोकं चपटं. भिंत सहज चढतो. तापट आहे, चावतो, रक्त येतं, पण जिवाला धोका नाही. मण्यार निळसर काळी, चमकदार. पांढऱ्या बारीक रेघा, बहुधा जोडीजोडीने. मानेजवळ नसतात किंवा पुसट असतात, शेपटीकडे ठळक होतात. म्हणजे कवड्याच्या बरोबर उलट. पाठीच्या मध्यरेषेवर मोठ्या षट्कोनी खवल्यांची रांग मण्यारीला असते, कवड्याला नसते. पण ती बघायला जवळ जाऊ नका. शंका आली, तर मण्यार समजूनच वागायचं.

कारण मण्यार चावल्याचं कळतही नाही. रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. सूज नाही, फारशी वेदना नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, मग श्वास. बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिक नाही. थेट रुग्णालय, शक्यतो जिथे व्हेंटिलेटर आहे तिथे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिसर्पविष चालतं. आपल्या मुंबईतल्या हाफकिनमध्येही ते तयार होतं. २००० ते २०१९ या काळात देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशाने गेली असा अंदाज आहे. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, आणि बहुतेक खेड्यातले. तिसऱ्या मजल्यावर पावडर टाकणाऱ्यांनी तो पैसा खाटा आणि मच्छरदाण्यांना दिला असता तर... बरं, उठलो.

उपाय राहिले. दाराखालच्या फटी बुजवा, मोरीला जाळी लावा, रात्री विनाकारण दिवे ठेवू नका, अंधारात टॉर्चशिवाय पाय टाकू नका, साप दिसला तर खोलीचं दार लावा, फटीत टॉवेल कोंबा आणि सर्पमित्राला फोन करा. चहाच्या वेळी मोबाइलमधले फोटो दाखवायला येणार आहात, माहीत आहे मला. मान दिसत असेल तरच दाखवा. नुसत्या शेपटीवरून मी काही सांगणार नाही.