डेल्टाचा स्टार करताना : गोष्ट चौथ्या तारेची

नमस्कार मंडळी. समोर निम्मे निवृत्त अभियंते आणि निम्मी डिप्लोमाची मुलं दिसतायत, त्यामुळे वर्गमूळ तीन (१.७३) कुठून येतं ते सांगण्यात वेळ घालवत नाही. विषय आहे ‘डेल्टा वितरण प्रणालीचं स्टारमध्ये रूपांतर’. डेल्टा म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या तीन कॉइल त्रिकोणात जोडलेल्या; स्टार म्हणजे तिघींचं एकेक टोक एका बिंदूत जोडलेलं. तो बिंदू म्हणजे स्टार पॉइंट, त्यालाच न्यूट्रल म्हणतात. हे काम सगळ्यात जास्त झालं अमेरिकेत, म्हणून तिथलंच सांगतो.

तिथं सुरुवातीच्या काळात गावोगाव २,४०० व्होल्टची तीन तारांची डेल्टा लाइन असायची. लोड वाढला, तारा कमी पडायला लागल्या. मग युक्ती काढली : सबस्टेशनात स्टार करा, चौथी तार न्यूट्रलची ओढा. फेज ते फेज ४,१६० व्होल्ट होतात, पण फेज ते न्यूट्रल २,४००च राहतात. म्हणजे खांबांवरचे सिंगल फेज ट्रान्सफॉर्मर बदलायचे नाहीत. तेवढ्याच लोडला करंट १.७३ पटीनं कमी आणि तारांमधला लॉस एक तृतीयांश! हे गणित फळ्यावर इतकं देखणं दिसतं की सगळे त्याच्याच प्रेमात पडतात. (हशा)

माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी गेली कित्येक वर्षं मिळेल त्या सभेत मांडतोय. हे काम व्होल्टेज वाढवण्याचं नाही, न्यूट्रल सांभाळण्याचं आहे. डेल्टाचं जमिनीशी नातंच नसतं. एक फेज झाडाला टेकली तर फ्यूज जात नाही, कारण जमिनीतून वाहतो तो फक्त लाइनच्या कपॅसिटन्सचा थोडासा करंट. सबस्टेशनात तीन दिवे लावलेले असत, त्यातला एक मंद झाला की कळायचं, कुठंतरी अर्थ झालाय, म्हणजे तार जमिनीशी जोडली गेलीय. कुठं, ते शोधत फिरा. पुरवठा चालू राहतो हा फायदा म्हणून सांगत. पण तार तुटून रस्त्यावर पडली तरी ती जिवंतच राहू शकते, आणि हे मला कधीच मान्य झालं नाही. डेट्रॉइटमध्ये ४.८ केव्हीचं असं डेल्टा जाळं आजही आहे, तिथली डीटीई कंपनी ते टप्प्याटप्प्यानं १३.२ केव्हीवर नेतेय.

आपल्याकडे न्यूट्रलची ओळख होते ती एलटीवर, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या कमी व्होल्टेजच्या लाइनवर. डीपीवर (वस्तीतल्या ट्रान्सफॉर्मरपाशी) न्यूट्रल तुटला की एका घरात दिवे मिणमिणतात आणि शेजारच्या घरात टीव्ही जळतो, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण आपली ११ केव्हीची लाइन तीन तारांची. न्यूट्रल सबस्टेशनात अर्थ केलेला असतो, तो खांबाखांबानं बरोबर चालत नाही. त्यामुळे एचटीचा, म्हणजे उच्च व्होल्टेजच्या लाइनचा न्यूट्रल काय करू शकतो, हे आपल्या लाइनमनला पाहायला मिळत नाही.

मी पाहिलंय. अमेरिकेच्या मिडवेस्टमधली एक लहान वीज सहकारी संस्था, नाव राहू द्या. रूपांतर होऊन महिने झाले होते. एका लाकूड गिरणीच्या तीन ट्रान्सफॉर्मरच्या बँकचे (एकत्र जोडलेल्या संचाचे) फ्यूज सारखे उडायचे. गंमत अशी की गिरणीत काही बिघाड नसायचा. बिघाड व्हायचा फीडरवर, म्हणजे सबस्टेशनातून निघालेल्या त्याच लाइनवर, दुसरीकडे, आणि फ्यूज जायचे इथले. फ्यूज मोठे घालून झाले, एक ट्रान्सफॉर्मर बदलून झाला. हिवाळ्यातल्या एका रविवारी आम्ही गेलो. गिरणी बंद, मीटर जवळजवळ थांबलेलं. रस्त्यातल्या सगळ्या ट्रान्सफॉर्मरच्या झाकणांवर बर्फ साचलेला, आणि या तिघांची झाकणं कोरडी! लोड नसताना टाक्या गरम. माझ्याबरोबरचा म्हातारा लाइनमन वर न चढताच म्हणाला, “स्टार पॉइंट बघा.”

ही बँक प्रायमरीला (लाइनच्या बाजूला) स्टार, सेकंडरीला (गिरणीच्या बाजूला) डेल्टा. अशा बँकचा स्टार पॉइंट न्यूट्रलला जोडायचा नसतो, मोकळा ठेवायचा असतो. चालू करताना एकेक डीओ (खांबावरचा ड्रॉप-आउट फ्यूज) बसवताना व्होल्टेज भलतंच चढू नये म्हणून तो तात्पुरता अर्थ करतात आणि तिन्ही डीओ बसले की जंपर, म्हणजे ती जोडतार, काढतात. इथं तो राहिला होता. नंतर कुणीतरी नीटनेटकेपणा म्हणून क्लॅम्प लावून पक्का केला होता. आता सगळ्या फीडरच्या तीन फेजमधल्या लोडचा असमतोल ती बँक आपल्या डेल्टात फिरवत होती, आणि कुठंही अर्थ फॉल्ट झाला की त्याला करंट पुरवत होती. हातभर तांब्याची तार! काढली आणि फ्यूज उडायचे थांबले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. म्हणजे जाहीर केलेला विषय आता धावत घ्यावा लागणार.

पहिलं काम चौथ्या तारेचं. लाइन डेल्टावर चालू असतानाच न्यूट्रल ओढून घ्या. मैलाला किमान चार अर्थिंग हा तिकडच्या सुरक्षा संहितेचा नियम आहे. ती खरोखर चांगली करा, कारण न्यूट्रलचा काही करंट जमिनीतून परतणारच. विस्कॉन्सिनमध्ये गोठ्यात पाणी पिणाऱ्या गाईच्या अंगातून २ मिलिअँपिअर गेला तरी तिथला नियामक आयोग दखल घेतो.

मग सिंगल फेज ट्रान्सफॉर्मर. दोन बुशिंगपैकी (तार जोडायच्या टोकांपैकी) एक फेजवरून काढून न्यूट्रलला. कॉइलवर तेच २,४०० व्होल्ट, म्हणून त्याला काही फरक पडत नाही. तीन फेजच्या डेल्टा बँक स्टार करा, स्टार पॉइंट मोकळा. कपॅसिटरही स्टारमध्ये. थेट २,४०० वर चालणारी मोटर असेल तर ती आधी शोधा, ४,१६० तिला जाळेल.

सबस्टेशनात ट्रान्सफॉर्मरची सहाही टोकं बाहेर असतील तर जोडणी बदलून स्टार होतो. मात्र तारांची क्षमता वाढते, त्या ट्रान्सफॉर्मरचे केव्हीए, म्हणजे त्याची स्वतःची क्षमता, तेवढेच राहतात. अंदाजपत्रक करणारे नेमकं हेच विसरतात. शिवाय नव्या स्टारचा कोन ३० अंशांनी सरकतो आणि व्होल्टेजही वेगळं, म्हणून शेजारच्या जुन्या डेल्टा फीडरशी तो जोडता येत नाही. एक फीडर एका दमात, पूर्ण बंद ठेवून करावा लागतो.

शेवटी अर्थ फॉल्ट रिले, म्हणजे जमिनीकडे जाणारा करंट ओळखून लाइन बंद करायला लावणारं उपकरण. डेल्टावर त्याला जवळजवळ काम नव्हतं, आता तोच पडलेली तार बंद करणार. त्याची सेटिंग नेहमीच्या असमतोलाच्या वर ठेवावी लागते, म्हणून आधी तिन्ही फेजवर लोड सारखा वाटा, तरच सेटिंग खाली आणता येईल. प्रश्न आधी डिप्लोमाच्या मुलांचे घेऊ.