राजाच्या बाजूचा अस्वस्थ मंत्री

श्रोतेहो, नमस्कार. ऐन युद्धात एखादा मंत्री म्हणाला, की हेर पोसणं आणि लोकांची पत्रं फोडणं मला जमणार नाही, तर त्याला काय म्हणावं? इंग्लंडच्या राजा विरुद्ध पार्लमेंट अशा यादवी युद्धात पहिल्या चार्ल्स राजाचा सचिव, म्हणजे एक मंत्रीच, नेमका असा होता. ल्युशस केरी, म्हणजेच लॉर्ड फॉकलंड.

गंमत अशी, की 1640 साली पार्लमेंटात आला तेव्हा तो राजाचा टीकाकार होता. पार्लमेंटला न विचारता बसवलेली जहाजपट्टी (आरमारासाठीचा कर) ज्या न्यायाधीशांनी कायदेशीर ठरवली, त्यांना त्यानं भर सभागृहात धारेवर धरलं. पण पुढे पार्लमेंटचे पुढारी बिशपांची व्यवस्थाच मुळासकट उपटायला निघाले. 1641 च्या नोव्हेंबरात राजाविरुद्धच्या तक्रारींची लांबलचक यादी त्यांनी अवघ्या 11 मतांच्या फरकानं मंजूर करून घेतली. काल राजा कायदा वाकवत होता, आज हे वाकवतायत, असं फॉकलंडला वाटू लागलं. 1642 च्या जानेवारीत तो राजाचा सचिव झाला. तेही मनापासून नाही. मित्र एडवर्ड हाइडनं गळ घातली म्हणून. (हाच हाइड पुढे चॅन्सेलर असताना दुसऱ्या चार्ल्सला लग्नात आपली मुंबई आंदण मिळाली!)

ऑक्सफर्डशायरमधल्या ग्रेट ट्यूच्या त्याच्या वाड्यात पूर्वी विद्वानांची सतत ऊठबस असे. युद्ध पेटलं आणि हा हसरा, नीटनेटका माणूस पार कोमेजला. हाइडनं लिहून ठेवलंय, की मित्रांत बसलेला असताना बराच वेळ गप्प राहून तो मध्येच उसासा टाकी आणि म्हणे, "शांतता, शांतता!" तहाची भाषा करतो म्हणून कुणी भित्रा म्हणू नये, यासाठी लढाईत मात्र मुद्दाम पुढे घुसायचा. मला यात शौर्यापेक्षा वैतागच जास्त दिसतो.

20 सप्टेंबर 1643, न्यूबरीची लढाई. मंत्र्याचं तिथे काही काम नव्हतं. हा स्वयंसेवक म्हणून राजाचा सेनानी बायरन याच्या घोडदळात सामील झाला. कुंपणाला एक अरुंद खिंडार होतं आणि त्यावर शत्रूच्या बंदुका रोखलेल्या. फॉकलंडनं एकट्यानं त्यातून घोडा घातला आणि जागीच ठार झाला. वय तेहतीसच्या आसपास.

राजानं त्याच्या जागी लॉर्ड डिग्बीला नेमलं. या गृहस्थांना कारस्थानांचं वावडं अजिबात नव्हतं.