रात्रीसाठी लिहून ठेवलेला कागद

श्रोतेहो, नमस्कार.

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाची शुश्रूषा हॉस्पिसमध्ये, म्हणजे अशाच रुग्णांसाठीच्या केंद्रात, असो वा घरी, खरी कसोटी लागते ती रात्री. कळ उठलेली असते, डॉक्टर जवळ नसतात. काय द्यायचं, किती द्यायचं, हे तेव्हा ठरवत बसणं म्हणजे रुग्णाला तेवढा वेळ कण्हत ठेवणं. म्हणून लक्षणांवरच्या उपचारांची मार्गदर्शिका लेखी हवी, असा माझा आग्रह आहे.

वेदनेचंच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी सौम्य औषधापासून तीव्र औषधापर्यंतच्या पायऱ्या ठरवून दिल्या. औषध शक्यतो तोंडावाटे आणि घड्याळाप्रमाणे द्यायचं, दुखायची वाट पाहायची नाही. तीव्र वेदनेवरचं मॉर्फीन साधं, म्हणजे हळूहळू सुटणाऱ्या प्रकारचं नसलेलं, असेल तर बहुधा दर चार तासांनी. मध्येच कळ आली तर जादा डोस, साधारण दिवसभराच्या मात्रेच्या एक षष्ठांश. हा आकडा डॉक्टरांनी त्या रुग्णापुरता मिलिग्रॅममध्येच लिहून द्यावा. रात्री दोन वाजता कुणाला भागाकार करायला लावू नये. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॉर्फीनचे अंश शरीरात साठतात, त्यामुळे एकाचा कागद दुसऱ्याला चालत नाही.

मॉर्फीनने होणारी मळमळ बहुतेकांची काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र हटत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. ही ओळ नसेल तर ती मार्गदर्शिका मला अपुरी वाटते.

आता दुसरा प्रसंग. रुग्ण एकाएकी चादर ओढू लागतो, पलंगावरून उतरू पाहतो, असंबद्ध बोलतो. आपला हात लगेच झोपेच्या औषधाकडे जातो. चांगली मार्गदर्शिका तिथे थांबवते आणि आधी ओटीपोट तपासायला सांगते. लघवी तुंबली असेल तर नळी घातल्यावर तोच माणूस शांत होऊ शकतो. धाप लागली तर उशांना टेकवून बसवा, चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा द्या, हेही त्यात असतं. नुसती औषधांची यादी असेल तर हे सुटून जातं.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल, तर डॉक्टरांकडून असा कागद मागून घ्या. औषध दिल्यावर पुन्हा कधी पाहायचं आणि उतार नसेल तर कुणाला फोन करायचा, हे त्यावर आहे ना, तेवढं बघा. दिलेल्या प्रत्येक डोसची वेळ तिथेच लिहा. दुसऱ्या दिवशीची मात्रा डॉक्टर त्या नोंदींवरूनच ठरवतात.