वाडा राहता ठेवायचा तर

श्रोतेहो, नमस्कार.

साताऱ्यात चिमणपुऱ्यात, व्यंकटपुऱ्यात किंवा यादोगोपाळ पेठेत एखाद्या जुन्या वाड्यात शिरताना तुम्ही पायरी चढता की उतरता, जरा आठवून बघा. बांधणाऱ्यानं जोतं मुद्दाम उंच घेतलेलं असतं. दोन-तीन दगडी पायऱ्या चढायच्या, दिंडी दरवाजातून वाकून आत जायचं, अशी रीत. आता कित्येक ठिकाणी रस्त्यावरून खाली उतरून आत जावं लागतं. वाडा खचलेला नसतो, रस्ता वर आलेला असतो. डांबराच्या जुन्या थरावर नवा थर, त्यावर खडी, एखाद्या वर्षी निधी जास्त आला तर वरून पेव्हर ब्लॉक. पहिल्या मोठ्या पावसात गटार तुंबतं आणि पाणी सरळ ओसरीत येतं. मग भिंतीत ओल चढते, भिंतीत गाडलेलं तुळईचं टोक कुजायला लागतं, माडी एका बाजूला कलते, आणि एक दिवस ‘धोकादायक इमारत’ म्हणून नोटीस लागते.

वाडा पाडायचा असा ठराव यात कुणीच केलेला नसतो. रस्ता चांगला व्हावा एवढीच सगळ्यांची इच्छा असते. उपायही काही अवघड नाही. नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढायचा. महामार्गावर हे यंत्रानं सर्रास करतात, पेठेतल्या बोळात मात्र करत नाहीत. रस्त्याची पातळी वाढणार नाही, एवढी एक अट कामाच्या निविदेत घातली, तरी जुन्या साताऱ्यातले अनेक वाडे वाचतील. रंगीत दिवे, कमानी आणि सेल्फी पॉइंट यांवर जो पैसा जातो, त्यापेक्षा हा खर्च मला जास्त मोलाचा वाटतो.

वारसा आणि विकास ही दोन भांडणारी भावंडं आहेत असं आपण गृहीत धरतो. पण 1708 मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शहर वाढायला लागलं, तेव्हा ते नवं कोरं शहर होतं. ज्याला आज आपण जुनं सातारा म्हणतो, तो त्या काळचा विकास. आणि तो करताना आधी पाण्याचा विचार झाला. महादऱ्यातून, यवतेश्वराच्या डोंगरातून खापरी नळानं पाणी आणलं, पेठांमध्ये हौद बांधले, तळी बांधली. पुढे ब्रिटिश अमदानीत कासचा तलाव झाला. त्याचं पाणी डोंगराच्या कडेनं खोदलेल्या पाटातून केवळ उतारावर शहरात यायचं, ना मोटर ना पंप. अलीकडे तलावाच्या भिंतीची उंची वाढवून साठा कितीतरी वाढवला आहे. जुनी योजना मोडून नवी आणली नाही, तीच वाढवली. ‘शाश्वत’ हा शब्द हल्ली प्रत्येक भाषणात असतो, पण त्याचा नमुना बघायला सातारकरांना फार लांब जायला नको.

महामार्गावरून थोडं आत लिंब गावी बारा मोटेची विहीर आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल, निदान मोबाइलवर तरी. शके 1641 ते 1646, म्हणजे इसवी सन 1719 ते 1724 या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधवली. अष्टकोनी, सुमारे 110 फूट खोल, आणि मधोमध चक्क महाल. लोक महालाचे आणि शिल्पांचे फोटो काढतात, ते ठीकच आहे. पण वर जाऊन मोटेच्या जागा बघा. विहीर बांधली ती आमराईला पाणी द्यायला. तीन हजार तीनशे आंब्याची झाडं होती, असं सांगतात. म्हणजे हा मुळात पाटबंधाऱ्याचा प्रकल्प, आणि तो देखणा असावा असं बांधणाऱ्यांना वाटलं. आपल्या पाण्याच्या टाक्यांकडे बघून पुढच्या पिढीला असं काही वाटेल का, शंका आहे.

वाईला महागणपतीच्या देवळाची मागची भिंत कधी नीट पाहिली आहे? सगळे पुढून ढोल्या गणपतीचं दर्शन घेतात आणि परततात. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची बाजू माशासारखी निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. नदीच्या काठावर, पुराच्या वाटेत बांधायचंच आहे, तर नदीचं ऐकून बांधा, एवढं ज्ञान तेव्हाच्या गवंड्याला होतं. अशा घाटावर सिमेंटचं काम काढताना निदान एकदा तरी विचारावं, की हा दगड असाच का बसवलाय?

सिमेंटचा विषय निघालाच आहे. जुनी भिंत दगड, माती, भाजकी वीट आणि चुना यांची असते. ती ओल घेते आणि सोडते. चुना मळायच्या दगडी घाणीत तयार केलेला चुना थोडा मऊ राहतो, भिंतीबरोबर हलतो. त्यावर आपण घट्ट सिमेंटचा गिलावा मारतो. ओल आतच अडकते, क्षार बाहेर येऊ पाहतात, आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्याबरोबर दगडाचेही पोपडे निघतात. मग म्हणायचं, जुनं बांधकामच कच्चं! तीनशे वर्षं उभं राहिलेलं कच्चं, आणि तीन वर्षांत सुटलेलं पक्कं. चुन्याचं काम जाणणारे गवंडी आता शोधावे लागतात. आयटीआयमध्ये हे काम शिकवायला घेतलं, तर वारसाही टिकेल आणि पोरांच्या हाताला कामही मिळेल.

आता मालकाची बाजू. वाड्याबद्दल हळहळणारे बहुतेक जण फ्लॅटमध्ये राहतात, हेही बोलायला हवं. वाड्याला सात-आठ वारस, निम्मे पुण्या-मुंबईला. खालच्या खणांत जुने भाडेकरू, भाडं इतकं की त्यात कौलंही येणार नाहीत. न्हाणीघर मागच्या अंगणात आणि घरात ऐंशीची आजी. अशा माणसाला बिल्डर चार फ्लॅटचं आश्वासन देतो, तेव्हा त्यानं ते नाकारावं अशी अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची? आत आधुनिक स्वच्छतागृह करू द्या, वायरिंग बदलू द्या, मागच्या चौकात चार खोल्या वाढवू द्या. दर्शनी भाग, चौक आणि कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत, सांभाळला की पुरे. घरपट्टीत सवलत द्या. वारसा यादीतल्या घराचं न वापरलेलं चटईक्षेत्र, म्हणजे नियमानं जेवढं बांधता आलं असतं त्यातलं उरलेलं, दुसरीकडे विकता येण्याची सोय नियमांत आहे. 2020 मध्ये साताऱ्याची हद्दवाढ झाली. शाहूपुरी, विलासपूर हे भाग नगरपालिकेत आले. उंच इमारतींना तिकडे जागा आहे. पेठेतला बांधकामाचा हक्क तिकडे नेता आला आणि त्याचे पैसे वाड्याच्या मालकाच्या हाती पडले, तर वाडा पाडायची घाई त्याला उरणार नाही.

वापर थांबला की वास्तू मरते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. जुन्या राजवाड्याचंच घ्या. तिथल्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. राजवाड्यात शाळा भरली म्हणून राजवाड्याची शान गेली का? उलट, आज त्या इमारतीचं नाव निघतं त्यात त्या प्रवेशाचा वाटा राजांइतकाच मोठा आहे.

कासच्या पठारावरही आपण हेच शिकलो, जरा महागात शिकलो. 2012 मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कास आलं. गर्दी उसळली. फुलं तुडवली जायला लागली म्हणून पठाराला जाळी घातली. त्याबरोबर गुरंही थांबली. काही वर्षांनी गावकरी आणि अभ्यासक सांगू लागले, की चराई नसल्यानं गवत माजतंय आणि गेंद, सीतेची आसवं यांसारख्या बुटक्या फुलांना जागा उरत नाही. शेवटी जाळी काढली. माणसांची संख्या मात्र बांधून दिली, ऑनलाइन नोंदणी आली आणि व्यवस्था कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांच्या समितीकडे गेली. तिथली मुलं हंगामात वाट दाखवतात, गाड्या लावून घेतात. पठार सांभाळण्यात आता त्यांचा थेट लाभ आहे. मला धास्ती आहे ती पठाराची नाही, यवतेश्वरापासून वर जाणाऱ्या रस्त्याची. तिथं डोंगर कापून हॉटेलं उभी राहतायत, आणि त्याच डोंगरात सातारकरांच्या पिण्याचं पाणी आहे.

जाता जाता एक कामाची गोष्ट. पावसाळा संपला की आपल्या घराच्या, देवळाच्या, तालमीच्या भिंतीवर नजर फिरवा. पिंपळाचं किंवा वडाचं चार पानांचं रोप दिसेल. तेव्हाच मुळासकट काढा आणि सांध्यात चुना भरा. दोन-तीन वर्षं गेली असतील, मूळ दगडांत घुसलं असेल, तर हिसका मारून उपटू नका, अर्धी भिंत हातात येईल. खोड कापा, मूळ आतच मारायची व्यवस्था करा, आणि दगड सुटले असतील तर जाणत्या गवंड्याला बोलवा. पूजेचं झाड आहे म्हणून कापायला मन धजत नसेल, तर लहान असतानाच काढून ओढ्याकाठी नेऊन लावा, तिथं ते चांगलं वाढतं.