जर्नल रॅममध्ये ठेवलं तर

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) रखडतंय म्हटलं की लोक आधी नेटवर्क तपासतात. वितरित स्टोरेजमध्ये, म्हणजे डेटा अनेक सर्व्हरच्या डिस्कवर विभागून ठेवलेला असताना, दुखणं बहुधा डिस्कपाशी असतं. ७२०० आरपीएमच्या डिस्कचा एक फेरा सुमारे ८.३ मिलिसेकंदांचा. म्हणजे हवा तो सेक्टर समोर यायला सरासरी ४ मिलिसेकंद, हेड सरकण्याचा वेळ वेगळा. विखुरलेले छोटे राइट अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपासच उरकते, आणि तिच्यावर तुकडे मात्र अनेक व्हीएमच्या इमेजचे.

सेफ ही अशीच एक वितरित स्टोरेज प्रणाली, डेटाच्या सहसा तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवणारी. तिच्या जुन्या फाइलस्टोअरमध्ये (डिस्कवर लिहिण्याच्या पद्धतीत) प्रत्येक राइट आधी जर्नलमध्ये, म्हणजे राइटच्या नोंदवहीत जायचा, मग फाइलसिस्टिमवर. दोन्ही एकाच डिस्कवर ठेवले की काम दुप्पट. म्हणून जर्नल एसएसडीवर नेलं जाई. आणि काही धाडसी मंडळी थेट टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्ये. आकडे लगेच सुधारतात. एकाच ब्लॉकवर पुन्हापुन्हा आलेले राइट डिस्कवर एकदाच उतरतात, हा तर टिकाऊ फायदा.

पण गणित करून बघा. जर्नल ४ जीबीचं, येणारा ओघ सेकंदाला ३०० एमबी, डिस्क रिचवते १०० एमबी. वीस सेकंदांत जर्नल तुडुंब, आणि तिथून पुढे वेग डिस्कचाच. उसळी पचते, सततचा भार नाही.

खरी अडचण फ्लशची. व्हीएममधला डेटाबेस एफसिंक करतो, म्हणजे डेटा डिस्कवर पक्का लिहायला सांगतो, क्यूईएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) ती विनंती खाली पाठवतो, आणि खालून उत्तर येतं, ‘लिहिलं’. कुठे, तर रॅममध्ये. एक होस्ट बंद पडला तर बिघडत नाही. त्यावरच्या ओएसडीचं (डिस्क सांभाळणाऱ्या सेफच्या प्रोग्रॅमचं) जर्नल गेलं, तो नव्याने उभा करायचा, बाकीच्या प्रती आहेतच. पण तिन्ही प्रती एकाच वीजपुरवठ्यावर असतील तर? मग तिन्हीकडचे शेवटचे काही सेकंद एकदम जातात.

‘पाच सेकंदच ना?’ असं कुणी म्हणालं तर मला धडकी भरते. नुसते सेकंद गेले असते तर परवडलं असतं! कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मेमरीतली पानं त्याच्या सोयीच्या क्रमाने डिस्कवर उतरवतो. नंतरचा राइट पोचलेला, आधीचा गायब, असं होऊ शकतं. व्हीएमच्या फाइलसिस्टिमचं स्वतःचं जर्नल नेमकं क्रमाच्या भरवशावर उभं असतं. तो भरवसाच इथे मोडतो.

यावर हार्डवेअरचे उपाय आले. एनव्हीडीआयएमएम या मेमरी मॉड्यूलमध्ये वीज गेल्यावर डीरॅममधला (नेहमीच्या रॅममधला) मजकूर फ्लॅशवर उतरतो. इंटेलची ऑप्टेन पर्सिस्टंट मेमरी, म्हणजे वीज गेली तरी मजकूर राखणारी, २०१९ मध्ये आली आणि २०२२ मध्ये इंटेलने तो व्यवसाय आवरता घेतला. सध्या शहाणा मार्ग म्हणजे कपॅसिटर असलेली सर्व्हर एसएसडी. तिच्या पोटातही राइट आधी डीरॅममध्येच थांबतात, फक्त वीज गेली तरी ते फ्लॅशवर उतरवण्यापुरती ऊर्जा तिच्यापाशी असते. एफसिंकला ती पटकन होकार देते, आणि तो खोटा नसतो.

निव्वळ रॅममधलं जर्नल बिल्डच्या व्हीएमना द्या, चाचणीच्या द्या, पुन्हा बनवता येईल अशा कशालाही द्या. डेटाबेसला देणार असाल तर आधी भार चालू असताना सगळ्या नोडची वीज एकदम काढा आणि डेटाबेस तपासा.